डी ड्राइव्ह ७३१ जीबीचं होतं, रिकामी जागा ६८७ दिसते: मधले ४४ जीबी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय का ते तुम्हाला कळेल. पाच वर्षं जुना लॅपटॉप, आत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. डीवर वाईच्या एका वाड्यातल्या मोडी कागदांचे अकरा हजारांच्या आसपास फोटो, रुमालाप्रमाणे (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) फोल्डर केलेले, प्रत्येक फाइलच्या नावात रुमाल आणि कागदाचा क्रमांक. लॅपटॉप रखडायला लागला म्हणून आत्येभावाने विंडोज नव्याने टाकलं. टाकताना सेटअपमधले सगळे ड्राइव्ह डिलीट केले, नवं सी २,५०,००० एमबीचं केलं आणि पुढे गेला. आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी २४४ जीबी आणि त्यापुढे ६८७ जीबी ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली, अशी काळी पट्टी दिसते. दुकानात सांगितलं, नवं व्हॉल्यूम करून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. मित्र म्हणाला, चेकडिस्क हा विंडोजचा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा. तुम्ही दोन्ही थांबवलंत आणि विचारलंत. थांबलात हे फार चांगलं केलंत.

पुढचं वाचण्याआधी तो लॅपटॉप बंद करा. फोनवर वाचा. विंडोज चालू असताना काही न करताही लिहीत असतं: अपडेट उतरवतं, पेजफाइल वाढवतं, क्लाउडवरच्या फाइल खाली आणतं. शिवाय फिरत्या डिस्कवर आठवड्यातून एकदा आपोआप डीफ्रॅग करतं, म्हणजे फाइली एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतं. तुमच्या बाबतीत हे का धोक्याचं आहे ते खाली येईलच.

डिस्कचे सी, डी असे भाग म्हणजे पार्टिशन, आणि त्यांच्या हद्दींची नोंद म्हणजे पार्टिशन टेबल. ते गावाकडच्या जमिनीवरून सांगतो. शेताच्या हद्दीला दगड रोवलेले असतात. दगड उपटले तर शेत वाहून जात नाही, फक्त कुठून कुठपर्यंत कोणाचं हे कळेनासं होतं. आताच्या लॅपटॉपमध्ये ही नोंद जीपीटी पद्धतीने असते. डिस्कच्या सुरुवातीला ५१२ बाइटच्या एका सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) हेडर, त्यापुढच्या ३२ सेक्टरांत १२८ नोंदींची जागा, प्रत्येक नोंद १२८ बाइटची. एकूण १६ केबी. नोंदीत मुख्यतः दोनच आकडे कामाचे: पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होतं आणि कितव्या सेक्टरला संपतं. जुन्या एमबीआर पद्धतीत तर सगळी नोंद पहिल्याच सेक्टरमधल्या ६४ बाइटमध्ये मावायची, चार पार्टिशनपुरती. तुमच्या भावाने ‘डिलीट’ दाबलं तेव्हा या १६ केबीतल्या ओळी पुसल्या गेल्या. फोटोंना त्या क्षणी कोणी हात लावला नाही.

आता ते ४४ जीबी. तुम्ही जुना स्क्रीनशॉट पाठवलात, त्यात डी ७३१ जीबी दिसतंय. आज रिकामी जागा ६८७ आहे. दुकानदाराने आणि मित्राने हा फरक पाहिलाच नसावा, आणि सगळं त्यातच आहे. जुनं सी २०० जीबीचं होतं, नवं २४४ चं केलं. म्हणजे नव्या सीचं कुंपण तुमच्या डीच्या शेतात ४४ जीबी आत घुसलंय. जी जागा रिकामी दिसते, ती डीची मधून पुढची जमीन आहे. डीची सुरुवात आज सीच्या पोटात आहे.

आणि एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीत (फाइलसिस्टिममध्ये), सुरुवातीलाच मोलाच्या गोष्टी असतात. पहिल्या सेक्टरमध्ये बूट सेक्टर, त्यात ‘मी एनटीएफएस आहे, माझा क्लस्टर एवढा, माझी एमएफटी अमुक ठिकाणी’ अशी माहिती. क्लस्टर म्हणजे फाइलींना जागा वाटण्याचं माप, काही सेक्टरांचा गट. एमएफटी म्हणजे सगळ्या फाइलींचं रजिस्टर: नाव, फोल्डर, तारीख आणि फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत ते. विंडोज नवं व्हॉल्यूम फॉरमॅट करताना एमएफटी साधारणपणे ७,८६,४३२ व्या क्लस्टरपासून मांडतं. ४ केबीचा क्लस्टर धरला तर ते होतं व्हॉल्यूमच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीबी. म्हणजे तुमच्या अकरा हजार फोटोंची नावं आणि पत्ते जिथे लिहिलेत ती वही आज नव्या सीच्या हद्दीत आहे, सीच्या सुरुवातीपासून २०३ जीबीच्या आसपास. सीवर नवीन काही लिहिलं गेलं आणि ते नेमकं तिथे पडलं, तर वहीची पानं जातील. लॅपटॉप बंद करा म्हटलं ते यासाठी.

जमेची बाजूही आहे. नवं विंडोज साधारण ३० जीबीच्या आत बसतं आणि बहुतेक सीच्या पुढच्या भागात. बहुतेक म्हणतो, कारण एनटीएफएस ओळीने भरत जाईलच असं नाही. एक सेक्टर मात्र नक्की गेला: एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, आणि नव्या सीचा शेवट तुमच्या डीच्या ४४ व्या जीबीत आहे. ५१२ बाइट, फार तर एका फोटोला धक्का. हाच नियम तुमच्या बाजूनेही चालतो: जुन्या डीच्या बूट सेक्टरची प्रत डिस्कच्या अगदी शेवटी आहे आणि तिथे कोणी काही केलेलं नाही. पुढची प्रत बिघडली असली तरी मागच्या प्रतीवरून डी शोधता येतं.

दुकानातला सल्ला का नको ते आता दिसेल. त्या ६८७ जीबीत नवं व्हॉल्यूम करून क्विक फॉरमॅट केलं, तर नवा बूट सेक्टर, नवी एमएफटी आणि नवी लॉगफाइल जुन्या डीच्या ४४ व्या जीबीपासून पुढे लिहिली जाईल, सरळ फोटोंवर. वर डिस्कवर एकमेकांवर चढलेल्या दोन डींच्या खुणा तयार होतील आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर त्यात गोंधळेल. चेकडिस्कचं काम वेगळंच आहे. ते फाइलसिस्टिमचा हिशेब जुळवतं. न जुळणारी नोंद ते काढून टाकतं. हद्दच चुकीची असेल तर त्याला सगळंच न जुळणारं दिसतं.

अशा वेळी मला हमखास विचारलं जातं की जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते ना, मग ती का नाही परत आणायची? असते, खरं आहे. पण ती खराब सेक्टर आला किंवा लिहिता लिहिता वीज गेली तर उपयोगी पडते. इथे सेटअपने रीतसर दोन्ही प्रती नव्याने लिहिल्या, त्यामुळे दुसरी प्रतही २४४ जीबीच्या सीबद्दलच सांगेल.

दोन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या. डिस्क खरोखर फिरती आहे का? एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, असती तर मी इतक्या आशेने लिहिलं नसतं. फॉरमॅट करताना विंडोज एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असं कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि मग ती जागा वाचायला गेलं की शून्यं येतात. काही पातळ २.५ इंची फिरत्या डिस्कही, ज्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, ट्रिम मानतात. लेबलवरचा मॉडेल क्रमांक मला कळवा, मी बघतो. दुसरं, डीवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप (एन्क्रिप्शन), होतं का? असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून बघता येईल.

आता काम. पहिलं काम म्हणजे डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर नक्कल. यात सूट नाही, घाई असली तरी नाही. दोन डिस्क लागतील: एक २ टीबीची, नकलेसाठी, आणि एक बाहेर काढलेले फोटो ठेवायला. लॅपटॉपची डिस्क काढून सॅटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला लावा. केबल पुण्यात तापकीर गल्लीत कुठेही मिळेल, यूएसबी ३ चीच घ्या. १ टीबी वाचायला यूएसबी ३ वर वेग बरा असेल तर तीन-साडेतीन तास, यूएसबी २ वर आठ तास लागतात. काही जुनी एन्क्लोजर (डिस्क बाहेरून लावायच्या पेट्या) ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा सेक्टर असल्याचं भासवतात, मग चांगलं टेबलही वाचता येत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. तसं झालं तर केबल बदलून बघा. आणि गुरुवार टाळा. त्या दिवशी देखभालीसाठी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, पण अ‍ॅडॉप्टरवर चालणारी बाहेरची डिस्क मधेच बंद पडते.

पेन ड्राइव्हवरून उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) चालू करा, इन्स्टॉल करू नका. डिस्कची तब्येत आधी स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींत, बघा. रीअलोकेटेड आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी शून्य असतील तर निश्चिंत पुढे जा. पेंडिंगचा आकडा असेल आणि दर वेळी वाढत असेल, किंवा डिस्कमधून टकटक येत असेल, तर तिथेच थांबा. ते काम धूळविरहित खोली असलेल्या लॅबचं आहे, माझंही नाही. तब्येत ठीक असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नकलेची एक फाइल, २ टीबीच्या डिस्कवर घ्या, मॅपफाइलसकट. मॅपफाइल असली की मधे थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं आणि वाचता न आलेल्या जागा नंतर पुन्हा वाचता येतात. हुकूम देताना स्रोत कोणता आणि इमेज कुठे, हे दोनदा वाचा, दुसऱ्या माणसाकडूनही वाचून घ्या. उलटं झालं तर परत फिरायला जागा नाही. इमेज झाली की मूळ डिस्क काढून कागदी पिशवीत घाला, तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. पुढचं सगळं इमेजवर.

मी हे इतकं का रेटतो तेही सांगतो. २०११ साली एका निवृत्त शिक्षकांची डिस्क माझ्याकडे आली होती. बारा वर्षं जमवलेल्या बोलीतल्या शब्दांच्या फाइली. पार्टिशन सापडलं, यादी छान दिसत होती, म्हणून मी मूळ डिस्कवरच टेबल लिहिलं आणि मशीन विंडोजमध्ये चालू केलं. हद्द थोडी चुकली होती. सुरू होतानाच विंडोजने आपणहून चेकडिस्क चालवलं आणि मी बटण दाबेपर्यंत शेकडो नोंदी काढून टाकल्या. निम्म्याहून अधिक फाइली नावाशिवाय मिळाल्या, काही मिळाल्याच नाहीत. सरांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेव्हापासून मूळ डिस्कवर मी कधीही लिहिलेलं नाही.

इमेजवर टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्राम चालवा. टेबलाचा प्रकार ईएफआय जीपीटी निवडा, मग अ‍ॅनालाइझ, मग क्विक सर्च. त्यात नवं सी दिसेल, डी कदाचित दिसेल, कदाचित नाही. डीपर सर्च द्या आणि दोन-तीन तास सोडून द्या. जुनं सी, नवं सी, जुनं डी, शिवाय कारखान्यातून आलेल्या मांडणीच्या खुणा, असं बरंच काही वर येईल. यातलं आपलं डी कोणतं? आकडा हातात असेल तर ओळखता येतं. जुन्या मांडणीत १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं राखीव आणि मग सी अशी पद्धत धरली तर सी २,३९,६१६ व्या सेक्टरला सुरू होतं. त्यात २०० जीबी मिळवा, म्हणजे ४१,९४,३०,४०० सेक्टर. डीची सुरुवात येते ४१,९६,७०,०१६. मधे रिकव्हरीचा छोटा तुकडा असेल तर हा आकडा थोडा पुढे सरकेल, म्हणून त्यावर अडून बसू नका. पण ४२ कोटींच्या आसपास सुरू होणारी आणि १९५ कोटींच्या पुढे, डिस्कच्या टोकाजवळ संपणारी ओळ तुमची. तुमच्या डिस्कचे एकूण सेक्टर १,९५,३५,२५,१६८ असणार. १ टीबीच्या डिस्कचा तोच ठरलेला आकडा आहे.

त्या ओळीवर पी दाबा. फाइलींची यादी उघडते. रुमालांची फोल्डर दिसली तर रजिस्टर शाबूत आहे आणि मग बाकीचं काम वेळाचं. देवनागरी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. एनटीएफएस नावं युनिकोडमध्ये साठवतं, त्या काळ्या पडद्यावरच्या फॉन्टला ती दाखवता येत नाहीत एवढंच.

इथे ‘राइट’ दाबायचा मोह होतो. जुनं डी आणि नवं सी एकमेकांवर चढलेले असल्यामुळे टेस्टडिस्क दोन्ही एकत्र लिहू देणार नाही, मांडणी चुकीची आहे असं सांगेल. नवं सी ‘डिलीटेड’ म्हणून सोडून फक्त डी लिहिता येतं, आणि इमेजवर ते केलं तर बिघडत काहीच नाही. पण तुमच्यासाठी मी टेबल न लिहिताच जाईन. लिनक्सला सांगता येतं की ही इमेज अमुक बाइटपासून वाच आणि तिथून पुढे व्हॉल्यूम आहे असं समज. सुरुवातीचा सेक्टर गुणिले ५१२, बस. वरचा आकडा खरा ठरला तर २,१४,८७,१०,४८,१९२. त्या ठिकाणापासून फक्त-वाचन पद्धतीने माउंट केलं, म्हणजे जोडून घेतलं, की डी फोल्डरसारखं उघडतं आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर नेहमीसारखे कॉपी होतात. काही चुकलं तर बंद करून दुसरा आकडा द्यायचा.

तुमच्यासारखाच प्रसंग आलेल्या, पण नवं सी जुन्याएवढंच किंवा लहान असलेल्या कोणासाठी: तिथे हद्दी भिडत नाहीत, आणि टेबल दुरुस्त करणं हाच सरळ मार्ग आहे. इमेज घ्या, आत्ताचं टेबल जीडिस्क या प्रोग्रामने फाइलमध्ये जपून ठेवा, टेस्टडिस्कमध्ये सी आणि डी दोन्ही प्रायमरी ठेवून लिहा. १६ केबी बदलतात, डी परत दिसू लागतं.

रजिस्टरला धक्का लागला असेल तर? एमएफटीतली प्रत्येक नोंद साधारण १ केबीची असते आणि ‘फाइल’ या अर्थाच्या चार इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. अशा सुट्या नोंदी डिस्कभर वेचून झाड पुन्हा उभं करणारी सॉफ्टवेअर आहेत, डीएमडीई त्यातलं एक. ते सुरुवात कुठे आहे याच्यावर फारसं अवलंबून नसतं. निम्मं रजिस्टर गेलं तरी उरलेल्या निम्म्याची नावं त्यातून मिळतात.

फोटोरेक हा फोटो वेचणारा प्रोग्राम सगळ्यात शेवटी. ते रजिस्टर बघतच नाही. जेपीजीची सुरुवात कुठे दिसते ते शोधून फोटो उचलतं. फोटो मिळतात, नावं मिळत नाहीत. तुमच्यासाठी ही अर्धीच सुटका, कारण रुमाल क्रमांक नावातच होता. क्रमांकाशिवाय अकरा हजार मोडी कागद म्हणजे बासनं सोडून एकत्र ढीग केल्यासारखं. पण तशी वेळ आलीच तरी हात टेकू नका. फोनने किंवा कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत काढल्याची तारीख आणि वेळ आत लिहिलेली असते, ती फाइलच्या नावावर अवलंबून नाही. वाड्यात कोणत्या दिवशी कोणता रुमाल सोडला हे तुमच्या टिपणवहीत असेल. फोटो वेळेच्या क्रमाने लावले, वहीशी ताडले, तर बरेचसे रुमाल परत बांधता येतील. ती वही आजच शोधून ठेवा.

कॉपी झाल्यावर आकडा मोजा, फोल्डरनिहाय. प्रत्येक रुमालातले चार-पाच फोटो पूर्ण आकारात उघडून बघा. खालचा भाग राखाडी पट्ट्यांचा आला तर ती फाइल मधेच तुटली आहे, तिचं नाव लिहून ठेवा. विशेषतः डीवर सर्वात आधी टाकलेले फोटो तपासा, कारण ते त्या ४४ जीबीत असण्याची शक्यता जास्त. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या आणि तुमची खात्री पटली, तरी मूळ डिस्क महिनाभर तशीच ठेवा. लॅपटॉपला तोवर छोटी एसएसडी घाला, रखडण्याचा त्रासही जाईल. आत्येभावाला रागावू नका, सेटअपच्या त्या पडद्यावर डिलीटच्या आधी पुरेसं काहीच सांगितलेलं नसतं.

डीपर सर्चच्या पडद्याचा फोटो आणि स्मार्टच्या त्या दोन ओळी मला पाठवा. सुरुवातीचा सेक्टर कळला की माउंटचा पूर्ण हुकूम मी लिहून देतो. स्वतः करायचा धीर होत नसेल तर डिस्क आणि दोन रिकाम्या डिस्क घेऊन या, बुधवार पेठेत माझ्या टेबलावर तुमच्यासमोर करू.